दुकानानं माझं आडनाव काढलं

"ताई, आडनाव वाचलं आणि समजलं. फुकटच्या रेशनवर जगणाऱ्यांनी भारीतल्या साड्या नेसू नयेत."

पुढं हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांचे इमोजी.

हे मला एका दुकानानं लिहिलं होतं. खामगावातलं साड्यांचं मोठं दुकान. त्याच्या फेसबुकच्या पानावर, सगळ्यांसमोर.

मी फक्त विचारलं होतं. "नमस्कार. बुद्धपौर्णिमेला आईसाठी घेतलेली पांढरी साडी पहिल्याच धुण्यात विरली. बदलून मिळेल का? धन्यवाद."

मी वडनेर भोलजीची. नांदुऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी ड्यूटीवर ते उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचत होते.

संध्याकाळी दुकानानं माझा फोटो टाकला. दुकानातल्या सीसीटीव्हीतला. मी साडीवर हात फिरवताना. वर लिहिलं, "घेताना तासभर चिवडली, आता रडते."

मग अनोळखी पोरांचे मेसेज. कुठं राहतेस. घर माहीत आहे तुझं. फोन वाजला की मी तो उलटा ठेवायची. एसटीत कुणी मोबाईल वर धरला की मी ओढणी तोंडावर घ्यायची.

बाबा म्हणाले, "काढून टाक ते लिवलेलं. आपल्याले याच लोकाईत राहाचं हाये."

त्यांची भीती माझ्यापेक्षा जुनी होती.

मालकाचा फोन आला. "दुकानात या. चूक झाली म्हणून व्हिडिओ द्या. मग तुमचा फोटो पानावरून काढून टाकतो."

गेले. आई सोबत होती. बसा म्हणालं नाही कुणी. दुकानात कामाला असलेल्या मुलीनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

"म्हणा, माझी चूक झाली," मालक म्हणाला.

"माझी..." एवढं निघालं. पुढचा शब्द निघेना.

आई मालकाला म्हणाली, "माही पोरगी काऊन माफी मागन? साडी तिनं इनली का?"

"ए बाई, तू गप गं!"

माझ्या आईला. त्याच्या आईच्या वयाच्या बाईला.

मी मोबाईलकडं बघितलं. आवाज फाटला, पण निघाला. "साडी विरली, हे खरं हाये. जात तुमी काढली. माफी तुमी मागा. माह्या मायची बी मागा."

"बंद कर ते!" मालक ओरडला.

आम्ही तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "मिटवून टाका ना ताई. बदनामी तुमचीच होईन."

होईलही. मला ते कळत होतं. तरी म्हणाले, "लिहून घ्या." शेवटी त्यानं तक्रार नोंदवली.

आता बाबांना बाजारात लोक अडवतात. पोरीला समजवा म्हणतात. ड्यूटी संपली की मी मागं वळून वळून चालते. भीती गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही.

दुकानातून निरोप आला, नवीन साडी घरपोच देतो, तक्रार मागं घ्या.

नको साडी. जिथं लिहिलं तिथंच माफी लिहा. तेवढ्याच लोकांसमोर. तोवर प्रत्येक तारखेला मी कोर्टात उभी राहीन. कापत का होईना, उभी राहीन.