नजीरभाईची तक्रार नजीरभाईकडेच

वेल्ह्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटर सांभाळणारा नजीर मूळचा भोरचा. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्नाचा पत्ता नाही. याचा निकाह मशीनशीच लागलाय, असं बाजारात बोललं जाई. लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणा, पण २००६ सालच्या त्या दिवसांत खोलीत तिसरं होतं तरी कोण? त्याला मशीन चालवणारी लिनक्स ही प्रणाली शिकवणाऱ्या बाई दोन वर्षांपूर्वी पुण्याला बदलून गेल्या. आता दुपारी तो दोन कप चहा काढायचा, एक प्यायचा आणि दोन्ही धुवायचा.

एका बुधवारी दारात उभा राहिला वरच्या वाडीचा रायबा, शेरडं राखणारा.

"नजीरभाई, आमच्या आयची हाळी हाय म्हनं तुमच्याकडं?"

होती. डोंगरातली माणसं जनावरांना कशी हाळी देतात, ते बाईंनी टेप करून मशीनमध्ये ठेवलं होतं. त्यात रायबाची आई सोजराबाईही होती. ती पावसाळ्यात गेली.

"तवापास्नं शेरडं माजं ऐकत न्हाईत. सांजचं रानातच ऱ्हात्यात. वाघरानं दोन उचलली. तिचा सूर नीट घावला तर येतील. पर साडेतीनची यष्टी गाठायची हाय."

कुणीतरी काम घेऊन आलं, यानंच नजीर फुलला. त्यानं रायबाला दुसरा कप दिला आणि फाइल उघडायला गेला. मशीननं साफ नकार दिला. हाळ्या कुणी उघडायच्या, त्या माणसांचा बाईंनी वेगळा गट केला होता, त्यात नजीरचं नावच नव्हतं.

"हात्तिच्या! टाकतो की नाव."

नाव टाकलं. बाहेर पडून पुन्हा आत शिरल्याशिवाय नवा गट लागू होत नाही, म्हणून तेही केलं. फाइल उघडली, पडद्यावरची रेघ पुढं सरकू लागली. पण आवाज नाही.

रायबानं स्पीकरला कान लावला. "आय आशी गप बसनारी न्हवं."

मग नजीरच्या ध्यानात आलं. गटात नाव टाकायच्या हुकमात 'जुनं राहू दे, हे आणखी घाल' असं सांगणारं एक अक्षर लागतं, तेच राहिलं होतं. मशीननं त्याला नव्या गटात घेतलं आणि जुन्या सगळ्या गटांतून काढलं. आवाजाच्या गटातूनही, कारभाराच्या गटातूनही. दुरुस्त करायला गेला तर उत्तर आलं: नजीर यादीत नाही, या प्रकाराची तक्रार केली जाईल.

"कुनाकडं?" रायबा दचकला.

"मुख्य कारभाऱ्याकडं."

"त्यो कोन?"

"मीच."

"मंग घ्या की आपसात मिटवून!" रायबा हसून हसून खोकायला लागला.

मिटवायला कारभाऱ्याचा पासवर्ड हवा. नजीर इतकी वर्षं स्वतःच्याच पासवर्डावर भागवत आला होता, कारभाऱ्याचा पार विसरला होता. आधी संस्थेचं नाव टाकलं. चूक. मग बाईंच्या गावाचं. चूक. तिसऱ्यांदा बाईंचंच नाव टाकलं तेव्हा नजीरभाईचे कान लाल झाले, हे पुढं रायबानंच गावभर केलं. तेही चूक.

तीन वाजले. शेवटी बाईंच्या जुन्या वहीत एक ओळ सापडली, मशीन चालू होतानाच पासवर्डाशिवाय मागच्या दारानं आत शिरायची. तिथून त्यानं नवा पासवर्ड लावला आणि आपलं नाव एकेका गटात परत घातलं.

सव्वातीनला सोजराबाईनं खोली दणाणून सोडली. रायबानं डोळे मिटले. चारदा ऐकून त्यानं तशीच हाळी दिली, शेवटचा हेल अगदी तसाच. बाहेर शेजाऱ्यानं बांधलेली एक शेळी ताडकन उभी राहिली.

"घावला!" पिशवी उचलत तो म्हणाला. "आता पाठ झाली बगा. परत काय तुमाला तरास द्यायला यायचो न्हाई."

तो चांगल्या मनानंच म्हणाला. साडेतीनची यष्टी त्याला घेऊन गेली.

नजीरनं दोन्ही कप धुतले. मग मशीनमधली मुख्य कारभाऱ्याची टपाल पेटी उघडली. आत एकच पत्र होतं: नजीर यादीत नाही. अशी पत्रं तो एरवी लगेच पुसून टाकी. हे त्यानं राहू दिलं.