आखाजीसाठी मोटरची सायकल

फेब्रुवारीचा पहिला रविवार. ठिकाण: पहूर रस्त्यावरचं एक शेत. निमित्त: हिवाळ्यातली शेवटची भरीत पार्टी. हजर: आमच्या जळगावच्या सायकल गटातले आठ जण, म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक (सगळे त्यांना सर म्हणतात), एक दंतवैद्य, एक औषध दुकानदार, बाजूबाजूने सायकल चालवणारे चार वकील-इंजिनिअर आणि मी. गैरहजर: माझा उजवा गुडघा.

त्या दिवशी वहीत हे असंच लिहिलं होतं. तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात हजेरी मांडण्याचं काम केल्यावर माणूस सहलीलाही हजेरी मांडतो.

मी शेतावर पोहोचले तेव्हा वांगी भाजून, सोलून, ठेचून झाली होती आणि सर दुसऱ्या भाकरीवर होते. मी गुडघ्यावर थंड पाण्याचं फडकं बांधलं आणि जाहीर करून टाकलं की मी मोटरची सायकल घेणार आहे. रस्त्यावरची, वेगाची, वाकड्या हँडलची. फक्त तिला चढावर मदत करणारी मोटर असेल.

"ताई," सर म्हणाले, "सायकल म्हणजे तपश्चर्या. मोटर लावली की झाली ती मोपेड."

"मोपेडला निदान डिकी असते," दंतवैद्य म्हणाले. सगळे हसले.

"नवऱ्याला विचारलं का?" दुकानदारांनी विचारलं.

"तुम्ही घेतली तेव्हा बायकोला विचारलं होतं का?"

यावर ते भाकरीकडे वळले.

जेवणं झाली आणि टेम्पो आला. हा टेम्पो आमच्या भरीत पार्टीचा कायमचा रिवाज आहे. जाताना सगळे सायकलने जातात, वाटेत प्रत्येक फाट्यावर फोटो काढतात, आणि पोटात भरीत, पुऱ्या आणि ताक गेलं की एकाचाही पाय पॅडलवर जात नाही. मग आठ सायकली टेम्पोत, सात माणसं सायकलींच्या मध्ये उकिडवी. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसतात, कारण वाऱ्याने त्यांचा कान दुखतो.

"सर," मी खालून म्हणाले, "याला मोटर आहे."

"ही परतीची सोय आहे, ताई. परतीचा प्रवास मोजायचा नसतो."

ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

आता मला मोटर का हवी होती ते सांगते. माझं माहेर धरणगावच्या पुढे, माझ्या घरापासून चाळीस किलोमीटरवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जायचं आणि तिला न्यायला माहेरचा माणूस, मुऱ्हाळी, यायचा, ही आमच्याकडची पद्धत. वडील होते तोवर ते येत. ते गेल्यावर भाऊ येऊ लागला आणि दरवेळी आमचा सकाळचा अर्धा दिवस त्याच्या चहापाण्यात आणि 'लवकर चल, ऊन व्हतंय' यात जायचा. अकरा वर्षांपूर्वी मी त्याला कळवलं की येऊ नकोस, मी सायकलने येते. तेव्हापासून माझी मुऱ्हाळी मीच. सकाळी माहेरच्या दारात स्वतःच्या चाकावर उतरायचं, वहिनीने पायावर पाणी घालायचं, मग निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून पहिली सांजोरी खायची. वर्षभरात माझ्या मालकीची म्हणावी अशी ती एकच सकाळ आहे.

गेल्या वर्षी धरणगावच्या पुढच्या चढावर गुडघ्याने जागा सोडली. मी रस्त्याकडेच्या निंबाखाली बसले ती उठलेच नाही. कुणीतरी ओळखून भावाला फोन केला, तो गाडी घेऊन आला, आणि घरी सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "आते पुढला वरीसले गाडी धाडसू. सायकलना नाद बठ्ठा सोड."

एकदा ती गाडी दारात आली असती, की पुढे प्रत्येक आखाजीला तीच आली असती. आणि मी पिशव्यांसोबत मागच्या सीटवर.

तर यादी. एक, पॅडल मारलं तरच मोटर चालावी. नुसतं बटण दाबून पळणारी नको. दोन, मोटर बंद असतानाही सायकल सायकलसारखी चालावी. तीन, माझ्या एकटीच्याने दोन पायऱ्या चढवता यावी. चार, पाण्याच्या दोन बाटल्यांची जागा. आमच्याकडच्या एप्रिलात एका बाटलीवर निघणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा विक्रेता. पाच, चढाचा गिअर हलका. सहा, हँडल फार खाली नको, कंबर छप्पन्न वर्षांची आहे. सात, बिघडली तर एका दिवसात एस.टी.ने जाऊन येण्याच्या अंतरात दुरुस्त करणारा माणूस.

जळगावातल्या पहिल्या दुकानात विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ पुढे बास्केट असलेली गुलाबी सायकल ओढून आणली.

"काकू, ही घ्या. बटण दाबायचं आणि निवांत बसायचं. भाजीबिजी मस्त येते."

"मला भाजी आणायची नाही. चाळीस किलोमीटर जायचंय."

"कशाला?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

दुसऱ्या दुकानात जाड टायरची, ट्रॅक्टरची नात शोभेल अशी एक वस्तू होती. मी ती उचलून पाहिली. म्हणजे उचलायला गेले. ती जागची हलली नाही. बॅटरी नेमकी बाटलीच्या जागी बसवलेली. पाणी कुठे ठेवायचं असं विचारल्यावर मालक म्हणाले, "वाटेत बिसलेरी मिळते की." चालवून बघायला त्यांनी दुकानासमोरच्या सपाट फरशीवर एक गोल मारू दिला. फरशीवर तर माझा गुडघाही नवा वाटतो. उड्डाणपुलावर न्यायची म्हटल्यावर मालकांना अचानक दुसरं गिऱ्हाईक आठवलं.

तिसऱ्यात सायकल बरी होती, माणूस नव्हता. सात प्रश्नांपैकी पाचांना त्याने "ऑनलाइन बघून घ्या" हे उत्तर दिलं. मग तुमचं दुकान कशाला उघडं ठेवलंय, हे मी विचारलं नाही. वहीत लिहिलं.

शेवटी धुळ्याला एक जण सापडला. माझ्याच वयाचा, हातावर वंगण, स्वतः सायकल चालवणारा. त्याच्याकडे एका गिऱ्हाइकाने मागवून मग नाकारलेली एकच सायकल होती: वाकडं हँडल, सडपातळ सांगाडा, बॅटरी नळीच्या आत दडलेली, बाटल्यांच्या दोन जागा रिकाम्या. बॅटरी बाहेर निघत नाही, चार्जिंगला सगळी सायकलच प्लगपाशी न्यावी लागेल, हा दोष त्याने मी विचारायच्या आत सांगितला. विक्रेत्याने दोष आधी सांगितल्याची माझ्या वहीतली ती एकमेव नोंद.

"किती जाईल?" मी विचारलं.

"कागदावर भरपूर. उन्हात, चढावर, तुमच्या गुडघ्याला धरून अर्धं समजा. चाळीसला पुरून उरेल."

"उड्डाणपुलावर नेऊ?"

"न्या. पण आधी मोटर बंद करून न्या. मग चालू करून. आणि ताई, दोन्ही वेळेला गुडघा काय म्हणतो तेवढंच ऐका. माझं ऐकू नका."

मोटर बंद असताना पूल चढले, धापा टाकत, पण चढले. मोटर चालू करून चढले तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवून चालावं तसं वाटलं. ढकललं नाही, फक्त सोबत केली. त्याने हँडलची दांडी आखूड करून दिली, वर उचलून दिली, आणि मी ती घेतली.

रविवारी सरांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. "मोटर कुठाय?"

"आत."

"लपवलीय म्हणजे लाज वाटते तर!"

हे वाक्य मी लिहून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, कारण न लिहिलेली गोष्ट माझ्या डोक्यात राहते, आणि ही राहिली.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे सव्वापाचला निघाले. दोन बाटल्या, कांदा, मिठाची पुडी, पंक्चरचं सामान, डोक्याला ओला रुमाल. पाच रेघांची बॅटरी, पाचही रेघा भरलेल्या. आणि मोटर? मोटर बंद. चढ आला की लावू. उगाच कशाला संपवायची.

मी स्वतःला कधीच फार हुशार समजले नाही, पण एवढा मूर्खपणा वहीत शोधून सापडणार नाही. आमच्या घरात नवीन चादर पाहुण्यांसाठी, चांगली कपबशी पाहुण्यांसाठी, भारी साडी लग्नासाठी, आणि मग ती ट्रंकेतच घडीवर विरते. तीच मी, तीन महिने यादी करून, धुळ्यापर्यंत जाऊन गुडघ्यासाठी मोटर आणली आणि गुडघ्यालाच ती वापरू दिली नाही. वर कानात सर. लाज वाटते तर. त्या टेम्पोत बसणाऱ्या माणसाला दाखवण्यासाठी मी तीस किलोमीटर एकटीच्या जोरावर मारले, आणि तो बघायलासुद्धा नव्हता.

धरणगाव मागे पडलं तेव्हा ऊन खांद्यावर आलं होतं. कापूस निघून गेलेली काळी शेतं, एक केळीचा ट्रक, समोर चढ. आणि गुडघा आतून फुगल्यासारखा. बॅटरीच्या पाच रेघा तशाच होत्या. चढाच्या पायथ्याशी मी मोटर पूर्ण जोरावर लावली. पण ही मोटर पॅडल मारल्यावरच मदत करते. माझ्याच यादीतली पहिली अट. निंबाच्या अलीकडे गुडघ्याने पॅडल मारायला नकार दिला.

मी त्याच निंबाखाली थांबले. बसले नाही. बसले असते तर संपलं होतं.

डावा पाय पॅडलला बांधावा असं वाटून रुमाल सोडला, आणि मग रुमाल उजव्या गुडघ्यालाच आवळून बांधला. डाव्या पायाने जोर, उजवा नुसता ठेवलेला, मोटर पूर्ण. सायकल निघाली. चढ इतका हळू चढले की एक म्हातारे आबा पायी माझ्याबरोबर वीस-पंचवीस पावलं चालले आणि त्यांनी विचारलं, "पंचर झाया का?"

चढ संपला तिथे भावाची गाडी उभी होती. त्याने काच खाली केली. मी "नाही" म्हणाले, त्याने काही विचारायच्या आतच. मग उरलेला रस्ता मी पुढे आणि तो मागे, पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता. गावात शिरताना मुलंबाळं बघायला आली. मुऱ्हाळी मागून येतोय अशी आखाजी त्या गावाने आजवर पाहिली नसेल.

दारात उतरले. वहिनीने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि उरलेलं दोन्ही चाकांवर. भाऊ सायकलपाशी वाकून बघत होता. त्याला यंत्रातलं कळतं. विहिरीवरचा पंप तो स्वतःच खोलतो.

"चार रेघा भरेल शेत," भरलेल्या रेघांवर बोट ठेवून तो म्हणाला. "मंग गुडघा कसाले सुजाडा?"

मी सांगितलं.

"म्हणजे मोटर त्या मास्तरकरता ठेयेल शे का?"

वहिनी हसली. मीही हसले. झोक्यावर बसल्यावर त्याने अट घातली. पुढच्या आखाजीला माझ्या दारातून निघतानाच मोटर चालू करायची. बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक घेऊन आले तर त्याच्या पुढच्या वर्षी गाडी येणार. कमी घेऊन आले, तर नाही.

"घरना दारथून," त्याने बजावलं.

"दारापासून," मी म्हणाले आणि पहिली सांजोरी खाल्ली. वहीत अट लिहिली, त्याची सही घेतली.

तीन दिवसांनी परत आले. गुडघा वाकत नव्हता. भावाचा केळीचा टेम्पो जळगावला येणारच होता; सायकल मागे केळीच्या पानांवर आडवी, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. वारा कानाला लागत होता, काच वर केली.

यादीतलं बाकी काम एकच. सरांना सांगणे: परत टेम्पोने आले, आणि परतीचा प्रवासही मोजला. पाच रविवार झाले, अजून सांगितलेलं नाही.