बिजवाईचा धूर

सदर इसम नामे शेषराव वल्द नत्थुजी, वय अंदाजे बेचाळीस, धर्म बौद्ध (सन छप्पनपासून), शिक्षण चौथी पास, हा विकास गटाच्या निर्धूर चूल योजनेत रोजंदारी मिस्त्री म्हणून कामावर असून त्याची वर्तणूक समाधानकारक आहे. उंची बेताची. मातीकाम उत्तम जाणतो. व्यसन तंबाखू, तेही माफक. गावातील घरोघरच्या चुली सदर इसमानेच बांधल्या आहेत. मात्र त्याच्या स्वतःच्या घरी योजनेची चूल नाही. कारण विचारले असता खाली पाहतो.

कारण शेषरावापाशी होतं. पण त्या कारणाचं नाव मनकर्णा होतं, आणि सरकारी रकान्यात बायको हे कारण म्हणून लिहिता येत नाही.

गाव भातकुलीच्या बाजूचं. काळी जमीन आणि लाकडाच्या नावानं शिमगा. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी उपटून आणायची आणि तीच वर्षभर चुलीत घालायची, असा रिवाज. पऱ्हाटीचा जाळ चांगला आणि धूर त्याहून जोरदार. योजनेच्या चुलीचं तोंड लहान, पोट बंद, आणि मागून निघालेलं धुराडं छताच्या कवेलूंतून वर गेलेलं. पऱ्हाटी गुडघ्यावर मोडून घालावी लागे. बायका चार दिवस कुरकुरल्या. पाचव्या दिवशी डोळ्यांचं पाणी थांबलं तशी कुरकुरही थांबली.

या कामात शेषराव अशा अशा स्वयंपाकघरांत बूड टेकून बसला, जिथे त्याच्या बापाला डोकावताही आलं नव्हतं. माळ्यांच्या माणिकबाईनं चूल बांधून झाल्यावर तिच्यावर गोमूत्र शिंपडलं आणि मग विचारलं, "मिस्त्री, गूळ खाता का?" दोन्ही गोष्टी तिनं मनापासून केल्या. शेषरावानं गूळ खाल्ला.

घोटाळा लक्षात यायला एक वर्ष गेलं. बियाण्याला इकडे बिजवाई म्हणतात, आणि भाजीची बिजवाई ठेवायची जागा म्हणजे चुलीवरचं आढं. दोडके, वालाच्या शेंगा, भोपळ्याच्या बियांची पुरचुंडी, सगळं तिथे टांगायचं. वर्षभर धूर लागून ते काळंकुट्ट होतं आणि कीड त्याच्या वाटेला जात नाही. निर्धूर चुलीवरही बायकांनी सवयीनं बिजवाई टांगली. पेरायच्या वेळी सोडली तर आत भुगा.

आता गावात धूर उरला होता एकाच घरी. मिस्त्रीचं घर म्हणून ज्याचा नंबर शेवटी लागायचा होता, त्या घरी. पुढच्या हिवाळ्यात माणिकबाई गाठोडं घेऊन मनकर्णाच्या दारात उभी राहिली.

"मनकर्णे, तुया घरी धूर हाय नं वं अजून?"

"हाय. आमचा मिस्त्री गावाच्या कामात हाय."

"मंग हे टांग वरतं. दोडके हाय अन् वाल हाय."

मनकर्णा गाठोड्याकडे पाहत राहिली. "माह्या हातचं पाणी त चालत नाई तुमाले."

"पाणी कोन मांगून राहिलं? बियाले इटाळ नसते, बाई."

मनकर्णाला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. तिनं गाठोडं टांगलं.

मग एकीचं पाहून दुसरी आली. शेषरावानं बांधलेल्या एकेका चुलीमागे त्याच्या बायकोच्या डोक्यावर एक गाठोडं वाढायचं, असा हिशेबच बसला. सगळ्या गाठोड्यांना धूर पोचावा म्हणून मनकर्णा स्वयंपाक आटपल्यावरही ओली पऱ्हाटी घालून चूल धुमसत ठेवू लागली. खोकता खोकता ती दाराच्या चौकटीला टेकायची, श्वास सापडला की पुन्हा आत जायची. शेषराव शेजारच्या गावी लोकांच्या घरचा धूर काढून संध्याकाळी घरी यायचा आणि दारातच त्याचे डोळे चुरचुरायचे.

"अवं, आपली चूल बांधतो मी उद्या."

"बांधा नं. बिजवाई कुठी टांगू? तुमच्या मिश्यांले?"

"लोकाईची बिजवाई लोकाईनं पाहावं."

"लोकाईचा धूर कोनं काढला?"

शेषरावानं तंबाखू मळायला घेतली. मळून झाली तरी तो मळतच राहिला.

उन्हाळ्यात तो तिला अमरावतीला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, "बाई, धुरापासून दूर राहायचं. नाहीतर ही छाती फार दिवस साथ देणार नाही."

"कुठी जाऊ सायेब? धूर घरीच रायते."

डॉक्टर शेषरावाकडे वळले. "तुम्ही काय करता?"

"निर्धूर चुली बांधतो."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. शेषरावानं पुन्हा तेच सांगितलं. परतीच्या मोटारीत मनकर्णाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि खोकल्याच्या प्रत्येक उबळीला त्याचाही खांदा हलत होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. परसाच्या बाजूनं भिंतीला लागून त्यानं ज्वारीच्या कोठीसारखी मातीची उंच कोठी उठवायला घेतली. आत आडव्या काड्या, वर झाकणाला भोक. घरात योजनेची चूल बांधली, पण तिचं धुराडं छतावर न नेता भिंतीतून कोठीच्या बुडाशी सोडलं.

"हे काय करून राहिले?" मनकर्णानं विचारलं.

"धुराले घर बांधून राहिलो."

"अन् मी?"

"तू आपल्या घरात. तुमा दोघांले येगयेगळं ठेवतो."

लोकांच्या गाठोड्यांना तिनं हात लावू दिला नाही. आपले दोडके तेवढे कोठीत टांगले. काही दिवसांनी त्यातल्या बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या आणि मोड यायच्या वेळी फडकं उघडून शेषरावासमोर धरलं. एकही बी फुटलं नव्हतं.

"भाजले," ती म्हणाली. ते दोडके तिच्या आईकडून आलेलं वाण होतं. शेषरावाची मान खाली गेली तशी तीच म्हणाली, "माह्ये होते. लोकाईचे नाई गेले. अन् ठेवले हाय मी थोडे वर."

धूर चुलीतून थेट येतो म्हणून बी भाजतं, एवढं त्याला कळलं. त्यानं कोठी पाडली. चुलीपासून अंगण ओलांडून निंबाच्या झाडापर्यंत नाली खणली, ती फरशीच्या तुकड्यांनी झाकून वरून लिंपली, आणि निंबाखाली दुसरी कोठी उभी केली, आधीपेक्षा उंच. धूर जमिनीखालून चालत जाऊन थंड होऊन तिथे पोचू लागला. मनकर्णानं आईच्या दोडक्यांतले उरलेले काढून दिले. द्यायच्या आधी एकेक हातात घेऊन पाहिला.

या वेळी फडकं उघडलं तेव्हा प्रत्येक बीला पांढरं टोक आलं होतं. मनकर्णा बराच वेळ ते घेऊन बसली. मग उठली, पाटावर चढली आणि आढ्यावरचं पहिलं गाठोडं सोडून शेषरावाच्या हातात दिलं.

"हे माणिकबाईचं. तिले इचारून टांगा, नाईतर बोंबलन."

माणिकबाई आली, कोठीत डोकं घालून काळं करून घेतलं, आणि बिजवाई स्वतःच्या हातानं टांगून गेली.

पाऊस लागायच्या आत गाव पूर्ण निर्धूर जाहीर करायचं म्हणून विस्तार अधिकारी खुशालराव तपासणीला आले. माणूस सरळ होता. मनकर्णाच्या स्वयंपाकघरात ते वाकून शिरले, दोन दीर्घ श्वास घेतले आणि बाहेर येऊन छताकडे पाहू लागले.

"शेषराव, धुराडं छताच्या वर तीन फूट पाहिजे. इथं छतावर धुराडंच नाही."

"नाई, सायेब."

"मग त्या निंबाखाली काय निघून राहिलं?"

"धूर, सायेब."

"म्हणजे धूर आहे."

"हाव. पण घरात नाई."

खुशालरावांनी मनकर्णाच्या हातचा चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. मग अहवाल लिहिला: सदर गाव एक घर वगळता निर्धूर झाले आहे. सदर घराच्या आवारात धूर आढळून आला. धुराडे नमुन्याबरहुकूम नाही. मालकास समज देण्यात आली असून सुधारणा अपेक्षित आहे.

पोळ्याच्या आधी मनकर्णाचा खोकला थांबला.