कोल्हारची आणि तिच्या तालमी

आमच्या होस्टेलातल्या कोल्हारचीला न्यायला यमदूत आले असते, तरी तिनं त्यांना व्हरांड्यात बसवून आधी जायची तालीम केली असती आणि मगच पायांत चपला घातल्या असत्या. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. नगरच्या त्या मुलींच्या होस्टेलात आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारायचो. मी पाथर्डीची, ती कोल्हारची. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. दर नाताळात मुलांचं नाटक तेच बसवायचे, आणि तालमीशिवाय माणसानं चारचौघांत उभं राहू नये हा त्यांचा धडा लेकीनं जरा जास्तच मनावर घेतला होता. लायब्ररीतून पुस्तक मागायचं असो, कापडबाजारात ब्लाऊजपीस बदलून घ्यायचा असो, आधी खोलीत तालीम व्हायची. एक जण दुकानदार, एक जण गिऱ्हाईक आणि कॉटवर मांडी घालून कोल्हारची. एकदा सिनेमाच्या परवानगीची तालीम चालली होती. ती स्वतः रेक्टरबाई झाली होती, बोटांचा चष्मा करून "नाऽही म्हणजे नाही!" असं ओरडत होती, आणि खऱ्या रेक्टरबाई दारात येऊन उभ्या! आमची पाचावर धारण बसली. कोल्हारची मात्र शांतपणे म्हणाली, "बरं झालं बाई, तुम्हीच आलात. तुमच्यासारखा आवाज काही येत नाहीये, जरा दाखवता का?" बाईंना हसू आवरेना. परवानगी तिथल्या तिथं मिळाली.

मी तिच्या खोलीत राहायला आले ते दुष्काळाचं वर्ष. घरी विहिरीनं तळ गाठलेला, मेसमध्ये तांबड्या मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या भाकरी, आणि कॉलेजच्या वर्गात सगळं इंग्रजी. हजेरीचे आकडेसुद्धा इंग्रजीत. तो आपलाच नंबर होता हे मनात उलगडेपर्यंत सर पुढं गेलेले असायचे. एकदा धीर करून वेळेवर उभी राहिले, तर तोंडातून निघालं, "व्हय सर!" मागची पोरं बाकं बडवून हसली. त्यानंतर मी ओ देणंच सोडलं. रोज वर्गात बसायची आणि रोज गैरहजर लागायची.

कोल्हारचीला हे कळलं तेव्हा ती मला होस्टेलमागच्या माळावर घेऊन गेली आणि स्वतः लांब लिंबाखाली जाऊन उभी राहिली. "रानात म्हशीला हाळी कशी देतेस? तश्शी दे. शब्द फक्त 'येस सर'!" मग रोज संध्याकाळी ती लिंबाखालून इंग्रजी आकडे ओरडायची आणि मी इकडून उत्तर द्यायची. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघायचे. आठवडाभरानं वर्गात माझा नंबर आला, आणि माळावरचाच आवाज निघाला. सरांच्या हातातला पेन खाली पडला. पोरं हसलीच. सर मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे वा, तुम्ही येता होय वर्गात?" खिडकीबाहेर स्वतःचा तास बुडवून कोल्हारची टाळ्या वाजवत होती. शिपायानं तिला हाकललं तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "मामा, तुम्हीपण वाजवा की!"

पण एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर हातात पडले आणि माझा उरलासुरला धीर गेला. मला न्यायला या, असा निरोप मी गावच्या माणसाबरोबर वडिलांना, आबांना धाडला. आबा लगेच आले. ते व्हरांड्यात बसले आणि मी ट्रंक भरायला घेतली. कोल्हारची मला थांबवील असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "जा की. पण घरी पोचल्याची तालीम करून जा."

मी काही बोलायच्या आत तिनं डोक्यावरून पदर घेतला, कचऱ्याचा डबा कळशीसारखा कमरेवर धरला आणि टँकरच्या रांगेतली शेजारीण झाली.

"आगं बया, आलीस व्हय? न्हाई जमलं?"

"नाही."

"मास्तर मारीत हुते?"

"नाही."

"खायला देत न्हवते?"

"देत होते."

"मंग?"

"इंग्रजी येत नाही."

"मंग ते हितं टँकरच्या रांगंत येनार हाय?"

मला रडू फुटलं. रडता रडता त्या डब्याकडे बघून हसूही येत होतं. वर पाहिलं तर दारात आबा उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग तिला विचारलं, "बाई, तू हायेस न्हवं हिच्यासंगं?"

"आहे, आबा."

"मंग म्या जातो. चारची गाडी घावंल." माझ्या डोक्यावर हात ठेवून ते निघाले. मी ट्रंकेतली लुगडी-पुस्तकं पुन्हा बाहेर काढली.

त्या वर्षी मी काठावर का होईना, पास झाले. पुढं शिकले, शिकवायलाही लागले. खूप वर्षांनी मनमाडकडे जाताना कोल्हारला मुद्दाम उतरले. ती गावातच शाळेत शिकवत होती. तिनं घरी नेलं, प्रवरेची ताजी मासळी रांधून वाढली. जेवताना मी तिला त्या दुपारची सगळी हकीकत सांगितली आणि इतकी वर्षं राहून गेलेले आभार मानले. ती घास हातात धरून, डोळे मोठे करून ऐकत होती. "मग? गेलीस का घरी?" असं मध्येच विचारलंसुद्धा. तिला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. मला क्षणभर वाईट वाटलं. मग तिच्याकडे बघता बघता ध्यानात आलं, की अशा दुपारी तिच्याकडे रोजच्याच असणार. एखादी लक्षात ठेवावी असं तिला कशाला वाटेल?

संध्याकाळी ती मला एस.टी.त बसवून द्यायला आली. खिडकीचा गज धरून उभी राहिली. या निरोपाची तालीम करायची मात्र राहून गेली होती. गाडी हलली तरी गज सोडीना, तेव्हा कंडक्टर तिच्यावर ओरडला. पुलावरून मी मागं वळून पाहिलं. ती रस्त्याच्या कडेला अजून तशीच उभी होती.