चौथं कडवं

मामांची सवय ठरलेली: दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "मेदुवा, बाई, मेदुवा." मेदुवा म्हणजे हळू. चेन्नईला बदली झाल्यावर हा शब्द मी रिक्षावाल्यांसाठी शिकले होते. गाण्यासाठीही तोच लागेल असं वाटलं नव्हतं.

तिथल्या तिरुवल्लिकेणी भागात ते आमच्या समोर राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले तंजावरी मराठी गृहस्थ. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. मराठी जुनं, हेल तमिळ, आणि आवाज अर्ध्यावर अडकलेल्या शटरसारखा.

आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत मला एक लोकगीत म्हणायचं होतं. माइक नाही, नुसती गिटार, आणि आवाज हवा खरखरीत. मी रोज गच्चीत घसा खरवडत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी मामा जिना चढून आले.

"बाई, तुम्ही गाता कां कोणाला हाकलता?"

मी रागावले. पण घसा खरंच दुखत होता, त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

तेव्हापासून रविवारची सकाळ मामांकडे. आधी ओठ सैल सोडून फुर्र करायचं, मग तोंड मिटून गुणगुणायचं. श्वास पोटातून. खरखर आणायची ती ओळीतल्या एकाच शब्दावर, तीही हलकी, गळा न आवळता. "खरखर म्हणजे मीठ. भात नव्हे." घशात खवखवलं, की शिकवणी तिथेच संपली. सर्दी असेल तर दारातूनच परत. मामी जिऱ्याचं कोमट पाणी आणून ठेवायच्या आणि काही न बोलता आत जायच्या.

मला कामं आखून करायची सवय. मी आठवड्यांचा तक्ता करून नेला. मामांनी तो कौतुकाने वाचला, घडी घातली आणि डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली.

"आता बरं बसलं. म्हणा."

गळ्याची एवढी काळजी का, ते एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या घराण्यात लग्नाच्या आदल्या दिवशी देवीचा गोंधळ असतो. त्यात घरचं एक गाणं, चार कडव्यांचं. चौथ्या कडव्यात देवीला लग्नाला बोलवायचं, भरड्या, मोकळ्या आवाजात. ते म्हटल्याशिवाय गोंधळ पुरा होत नाही. तरुणपणी बहिणीच्या लग्नात मामा ते गायला उभे राहिले आणि नेमकं बाहेर नादस्वरम, तिकडची मोठी सनई, सुरू झालं.

"मी त्याच्याशी भांडायला गेलो. पूर्ण ताकदीनं. दुसऱ्या दिवशी आवाज नाही. जो परत आला, तो हा."

त्यानंतर त्यांच्या घरात ते गाणं झालंच नाही. आता नातीचं लग्न ठरलं होतं. नात पेरुंगुडीत नोकरीला. गिटार छान वाजवायची, पण मराठी दोन वाक्यांपुढे गेलं की इंग्रजीत उतरायची.

"तात्ता, यूट्यूबवर गोंधळ आहे. स्पीकर लावूया," ती आजोबांना म्हणाली.

"देवीला स्पीकरनं बोलावतात कां?" मामा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही म्हणाल?"

गणपती होऊन गेला होता, माझं गाणं बरं झालं होतं. मी हो म्हटलं. पहिलं कडवं दिवाळीपर्यंत चाललं. दुसरं पोंगलपर्यंत. गाणं लिहून द्यायला मामा तयार नव्हते. "कागद मिळाला की तुम्ही घरी ओरडणार." तिसरं बसलं तेव्हा लग्न अगदी तोंडावर आलं होतं.

"मामा, आता चौथं?"

"गळा तयार नाही."

"पण लग्न?"

"लग्न एका दिवसाचं. गळा जन्माचा. मेदुवा."

त्याच आठवड्यात मामा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

लग्न पुढे ढकलावं असं काहींचं मत होतं. मामींनी ठाम नाही म्हटलं. गोंधळ साधाच करायचा ठरला. देवीपुढे दिवा, नात गिटार घेऊन बसलेली, मी शेजारी. तीन कडवी मी म्हटली, मामांनी सांगितलं तशी, एकदाही गळा न आवळता. मग थांबले. नातीला थांबायचं कसं ते कळेना. ती तेच सूर पुन्हापुन्हा वाजवत राहिली. लोक वाट बघत होते.

भिंतीला टेकून बसलेल्या मामी बोलू लागल्या. गायल्या नाहीत. शेजारणीला जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात त्यांनी देवीला घरी बोलावलं. ओळीमागून ओळ, न अडखळता. चौथं कडवं पुरं झालं.

पाहुणे जेवायला बसल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"मामी, तुम्हाला येत होतं?"

"नणंदेच्या लग्नात ऐकलं होतं. त्यांचा गळा गेला त्या दिवशी. मी समोरच होते, नवी सून. नंतर मनात म्हणत राहिले."

"चाल?"

"चालही येते. पण तसा आवाज कसा काढायचा, ते कोण शिकवणार आता?"

"मग मामांना कधी सांगितलं का नाहीत?"

मामींनी रसमचं भांडं उतरवलं, पदराला हात पुसले.

"विचारलं कां कोणी?"

ते मामांनी विचारायचं होतं, आणि मामांनी विचारलं होतं मला.