रुथबाईंचा नवा धडा

भाईंदरहून नवं क्रमिक पुस्तक घेऊन आम्ही पायी उत्तनला परतत होतो. साल १९३८. मिठागराच्या बांधावर रुथबाईंनी माझा दंड घट्ट धरला. अर्धं गाव त्यांनीच शिकवलेलं. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, आता शाळेत त्यांच्याच खोलीत पहिलीला शिकवत होते.

“बाई, दमलात?”

“दमेल तुझी सासू! डोळं गेलं गं माझं. जुनं पुस्तक पाठ हाय, म्हणून निभावलं. उद्या साहेब शाळा तपासायला येतील, नवा धडा वाचा म्हणतील. कळलं तर घरी बसवतील. पोरांशिवाय मी काय करू?”

मी मनातल्या मनात देवमातेला आळवलं.

“पहिला धडा वाच,” त्या म्हणाल्या, “घर येईस्तोवर पाठ करते. नि उद्या पान उलटायची वेळ झाली, की जरा खोकशील?”