टाळ्यांनी मंजूर झालेली घटना

शहरातल्या द्वारका चौकाच्या पुढं आमची कॉलनी वसली तेव्हा आजूबाजूला मळे होते. घरं झाली, मग वर्गणी काढून एक हॉल बांधला. त्यानंतर कळलं, मंडळाची नोंदणी करायची तर मंडळाला स्वतःची घटना लागते. त्या दिवसापासून आमच्यातल्या चार-पाच जणांच्या अंगात देशाचे घटनाकार संचारले. ऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट.

अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. दर रविवारी त्यांच्या व्हरांड्यात मसुदा समिती बसायची. देशाची घटना आमच्यापैकी एकानंही उघडून पाहिली नव्हती. पण आमची सुरुवात ‘आम्ही, या कॉलनीचे रहिवासी’ अशीच हवी यावर सगळे ठाम. त्या ‘आम्ही’वरच दोन रविवार गेले. खजिनदारांचं म्हणणं, कलमं भरपूर पाहिजेत, नाहीतर वजन पडत नाही. चपला बाहेर काढण्याचंसुद्धा कलम झालं. मी मनात हसायचो. पण लेखनिक मीच होतो, आणि माझ्या मराठीचं कौतुक झालं की फुगायचोही मीच.

सातव्या कलमाला अध्यक्षांनी आवाज खाली आणला. “उद्या हॉल कोणीही मागेल. गुरुजी त्यांच्या पद्धतीनं मुलीचं लग्न लावतील. चालेल आपल्याला?”

गुरुजी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे. कॉलनीतल्या मोजक्या बौद्ध घरांपैकी त्यांचं एक, हॉलला अगदी लागून. हॉलचा स्लॅब टाकला तेव्हा शाळेत जाण्याआधी रोज त्यावर पाणी मारलं ते त्यांनी. मुलीचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं आणि ते याच हॉलमध्ये करायचं, हे ते सगळ्यांना हौसेनं सांगत.

“मग त्यांना द्यायचा नाही, असं लिहू?” मी विचारलं.

“छे हो, असं कसं लिहिणार? सरकारदरबारी जायचंय ते. तुम्ही नीट बसवा ना. तुमच्याकडे भाषा आहे.”

मी बसवलं. ‘हॉल वैदिक पद्धतीच्या मंगलकार्यांसाठीच देण्यात येईल.’ कुणाचं नाव नाही, कुणाची जात नाही. “व्वा,” खजिनदार म्हणाले. त्या ‘व्वा’ची आज किळस येते. तेव्हा चहा गोड लागला होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर घटना वाचली गेली. आमच्याकडे ठराव वाचला की टाळ्या वाजवायची पद्धत. मतं मोजायची नाहीत. मोजणं म्हणजे अविश्वास. अध्यक्ष भरभर वाचत होते, जिलबीची परात फिरत होती. टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर मागून गुरुजी उठले.

“साहेब, सातवं कलम पुन्हा वाचता का?”

“टाळ्या झाल्या ना, गुरुजी.”

“झाल्या. मीही वाजवल्या, सवयीनं. आता ऐकून हात वर करू. देशाची घटना करताना एकेका कलमावर वाद झाला. आपण सगळी जिलबीवर उरकली.”

“मग घ्या की जिलबी, गार होतेय,” खजिनदार म्हणाले.

लोक हसले. ‘वाचा पुन्हा’ एवढं एकानं म्हटलं असतं तरी वाचावं लागलं असतं. सभ्य, शिकलेली, रोज पेपर वाचणारी माणसं ती. परातीकडे बघत बसली. त्यांच्यात मी होतो.

चैत्रात गुरुजी लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन माझ्याकडे आले. “छापायला टाकायचाय. नजर घाला जरा. तुमची भाषा सुबक आहे. सातव्या कलमात लगेच ओळखली.”

मी मान वर न करता वाचलं. लग्नाचं ठिकाण लिहिलं होतं, ‘राहत्या घरासमोर, रस्त्यावर’. माझा हात पेन्सिलीकडे गेलाच. “‘निवासस्थानासमोरील प्रांगणात’ करू का? बरं दिसेल.”

“नको. रस्ताच राहू द्या. मांडव रस्त्यातच पडणार आहे.”

लग्नाला समिती झाडून हजर होती. हॉलला कुलूप होतं आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात. भिंतीवर लावायचं एक घड्याळ त्यांनी आहेर म्हणून दिलं, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “ऊन फार आहे हो, गुरुजी.”

“इकडं सरका ना साहेब,” गुरुजी म्हणाले, “हॉलची सावली पडलीय.”

साहेब सरकले. मीही माझी खुर्ची उचलली आणि त्यांच्या शेजारी सावलीत नेऊन ठेवली.